भिंतीपलीकडची ना-हरकत

मशीन आलं तेव्हा ते बघायला अख्ख्या मोहल्ल्यात मी, माझ्या तीन कोंबड्या आणि टेम्पोवाला, एवढेच हजर होतो. त्यानं खोका पडवीत उतरवला, घाम पुसला आणि विचारलं, "चाची, घरात बाकी कोण नाय? सही कोण करणार?" मी म्हटलं, "मीच घर आणि मीच बाकी. आण हिकडं कागद, अंगठा देते."

चौऱ्याऐंशी साल सरत आलं होतं तेव्हा. आमचं गाव महाडपासून पाच मैलांवर, सावित्रीच्या काठाला. मोहल्ल्यात घरं बावीस, त्यातल्या चुली पेटणाऱ्या सात-आठ. बाकी सगळे कुवेत, दुबई, नायतर मुंबई. घरं मात्र काय एकेक बांधलीत! रंगीत लाद्या, लोखंडी ग्रिलं आणि दाराला हे एवढं कुलूप. संध्याकाळी कुणाकडं बसायला जावं म्हणून बाहेर पडले की मशिदीपर्यंत जाऊन तशीच परत येते.

खोक्यात जनरेटर होता. माझ्या सईदनं कुवेतहून पाठवलेला. सईद माझा एकुलता एक. आदल्या मे महिन्यात तो बायको-पोरांना घेऊन आला होता, चांगला महिनाभर राहायला म्हणून. दुसऱ्याच दिवशी लाईट गेली ती गेलीच. पोरांना तिकडं थंड हवेच्या मशीनची सवय. अंगभर घामोळं उठलं, डास चावून तोंडं सुजली. धाकटा सहा वर्षांचा, तो रडायला लागला, "आपल्या घरी चला." आपल्या घरी म्हणे! आणि हे कुणाचं घर रे, मेल्या? पण मी बोलले नाय. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी करून सगळे सुनेच्या माहेरी मुंबईला गेले आणि सुट्टी तिकडंच संपवली. महिन्याभराचं म्हणून भरून ठेवलेलं सुकं म्हावरं आणि सांडगे मी पावसाळाभर एकटीनं खाल्ले.

मग सईदची कॅसेट आली. "अम्मी, मशीन पाठवतो. लाईट गेली की हे लावायचं, घरातले पंखे चालतात. मेच्या आधी बसवून घे. लाईटचं पक्कं झालं तर महिनाभर राहतो. नायतर ही पोरांना घेऊन यायला तयार नाय." झालं. तेव्हापासून मी त्या मशीनच्या मागं लागले. मला मशीनचं काय करायचंय? मला ती दोन पोरं महिनाभर अंगणात हवी होती.

कॅसेटीचं सांगते. मला कुराण वाचता येतं, पण मराठी अक्षर येत नाय. म्हणून सईद पत्र लिहीत नाय, बोलतो. कुवेतहून गावाकडं कुणी यायला निघालं की त्याच्या बॅगेत एक कॅसेट टाकतो. आमच्याकडं घरोघरी असंच हाय. वर्षाला तीन-चार कॅसेटी येतात. नवी येईपर्यंत जुनीच, दर शुक्रवारी, दुपारची नमाज आटपली की मी लावायची. सेल घातले तर आवाज रडका येतो, म्हणून टेप लाईटीवर चालवायची. आणि लावायची ती मोठ्यानं. कारण भिंतीपलीकडं आसिया राहते.

आसिया माझी धाकटी जाऊ. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघं जहाजावर खलाशी. घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. भिंतही अशी की वर आढ्यापर्यंत गेलेलीच नाय, दोन हात मोकळीच. दोघं भाऊ आता कबरस्तानात शेजारी शेजारी गप्प झोपलेत, आणि आम्ही दोघी हितं शेजारी शेजारी गप्प. अकरा वर्षं झाली, आम्ही बोलत नाय.

का? तर ऐका. सईद वर्षाचा होता तेव्हा मला क्षय झाला. दोन वर्षं मी दवाखान्यात. पोराला आसियानं सांभाळलं. तिला मूलबाळ नाय. मी बरी होऊन परत आले, हात पुढं केले, तर पोर तिच्या पदराआड लपलं. ते माझ्या जे काळजात रुतलं ते रुतलं. पुढं तो तिला छोटीअम्मी म्हणायचा आणि शाळेतून आला की आधी तिच्या दारात. मी गिळत गेले. आणि त्याच्या लग्नात, हळदीच्या वेळी, पहिला हात तिनं लावला. रीतीनं पहिला हात आईचा. माझं डोकं फिरलं. सगळ्या बायकांसमोर मी म्हटलं, "पोटातून एक काढता आलं नाय, तिला दुसऱ्याच्या पोराला हळद लावायची हौस कशाला?"

बोलून गेले. तिनं हळदीचा हात तसाच पुसला आणि घरी गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाय, आणि मी काय कमी तोऱ्याची होते? मीही नाय.

म्हणून टेप मोठ्यानं. ऐक मेली, माझा लेक मला काय म्हणतो ते! सईद खुशाली सांगतो, पोरांचं सांगतो, माझ्या गोळ्या-औषधाचं विचारतो. आणि शेवटी, दर कॅसेटीत, न चुकता म्हणतो, "छोटीअम्मीला माझा सलाम सांग." तेवढं आलं की मी बटण दाबायची. कुठल्या शब्दाला बोट ठेवायचं ते मला पाठ झालं होतं. कुणाचा सलाम पोचवायचा म्हणजे अमानत असते, दुसऱ्याची आपल्याकडं दिलेली ठेव, हे मला ठाऊक नव्हतं असं नाय. चांगलं ठाऊक होतं. तरी दाबायची.

असो. मशीनसाठी मी कुशाबा वायरमनला बोलावलं. तो खोक्याभोवती फिरला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "चाची, हे असं हात लावून चालू नाय करायचं. लाईटच्या ऑफिसची मंजुरी पायजे."

"माझं मशीन, माझं घर. मंजुरी कुणाची?"

"मी खांबावर चढलेलो असंन, आणि तुझं इंजिन उलटी लाईट तारेत सोडील. मग माझ्या पोरांना कोण बघणार? मधे एक खटका बसवावा लागतो, ऑफिसची लाईट नायतर तुझी, दोन्ही एकदम नाय. तो बसवला, ऑफिसनं तपासला, शिक्का दिला, की मग वाजव."

त्याच्या पोरांचं ऐकल्यावर मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी एसटी पकडून महाडला गेले.

लाईटच्या ऑफिसात अर्जांच्या टेबलावर ललिता नावाची पोरगी होती. महाडचीच, बौद्धवाडीतली, नुकती नोकरीला लागलेली. अंगावर खेकसली नाय, बसायला स्टूल दिलं. अर्ज तिनंच भरला. नाव, गाव, मीटर नंबर. मग विचारलं, "मावशी, घरात माणसं किती?"

"एक."

तिनं पेन थांबवलं. "एका माणसाला एवढं मोठं मशीन?"

"चार लिही अजून. मेमध्ये येणार हायेत."

ती हसली नाय. "आत्ता किती, ते लिहायचं असतं मावशी," म्हणाली आणि एक आकडा मांडला. मग सांगितलं की इंजिनाचा आवाज होतो, धूर होतो, तेव्हा लागून असलेल्या घरांची ना-हरकत लागते. डावं, उजवं आणि मागचं. तिघांचं लेखी, सहीनिशी नायतर अंगठ्यानिशी. एकाचीही हरकत आली तर मंजुरी अडते.

आता बघा मजा. डावीकडच्या घराला सहा वर्षं कुलूप, मालक कुवेतला. मागच्याचे सगळे मुंबईला, डोंगरीत. हरकत घ्यायला तिथं चिमणी नाय, पण हरकत नाय असं म्हणायलाही कुणी नाय. मी ललिताला म्हटलं, "बाय, कुलपाचा अंगठा चालंल का?" तेव्हा मात्र ती हसली.

पण झालं कसं, ते दोन्ही कागद आले. कॅसेटीवर मी सईदला सांगितलं, त्यानं कुवेतच्या शेजाऱ्याला गाठून सही घेतली आणि येणाऱ्या माणसाबरोबर धाडली. डोंगरीवाल्यांना ललितानं माझ्या नावानं पत्र लिहून दिलं, त्यांचंही उत्तर टपालानं आलं, वर "खाला, तब्येत सांभाळा" असं लिहून. मार्च उजाडेपर्यंत दोन कागद माझ्या हातात. समुद्रापलीकडची सही आली, भिंतीपलीकडची काय येईना.

आसियाला विचारायचं कसं? तोंड उघडून बोलणं तर शक्यच नव्हतं. आमच्यात बोलणं व्हायचं ते कोंबड्यांमार्फत. तिनं सांडपाणी माझ्याकडं सोडलं की मी कोंबडीला म्हणायची, "अगो, सांभाळून चाल, लोकांना पाणी कुठं सोडावं कळत नाय." पलीकडून ती आपल्या मांजरीला सांगायची, "काय गो, लोकांच्या नाकाला लय वास येतो." तसंच मी कोंबड्यांना दाणे टाकताना भिंतीकडं तोंड करून म्हटलं, "मेमध्ये सईद येणार हाय गो. पोरं येणार हायेत. मशीन बसवायचंय, एक अंगठा राहिलाय. कुणी महाडला जाऊन द्यावा, कुणाचं काय जातं?"

पलीकडं भांडं घासायचा आवाज थांबला. परत सुरू झाला.

मी रोज सांगत राहिले. कोंबड्यांना सगळं पाठ झालं असंल. मार्च संपला, एप्रिल लागला. कुशाबानं खटका आणून ठेवला, मशीनची जागा मागच्या परसात, भिंतीला लागून, सिमेंटचा ओटा घालून तयार केली. आणि एका मंगळवारी सकाळी उठले तर आसियाच्या दाराची कडी वाजलीच नाय. रोज पहाटेच्या अजानला ती कडी वाजते, तेव्हा मी उठते. त्या दिवशी काहीच नाय. उठून पुढं आले तर तिच्या दाराला कुलूप! उभ्या मोहल्ल्यात कुलपं होती, त्यात आणखी एक. मी तिथंच पायरीवर बसले. का बसले ते मला सांगता येणार नाय. दूधवाला म्हणाला, "आसियाचाची पहिल्या एसटीनं महाडला गेली." तेव्हा कुठं जीव खाली पडला, आणि लगेच राग आला की जीव वर गेलाच कशाला.

दुपारी ती परत आली. मी मनात म्हटलं, अंगठा दिला हिनं! शेवटी सईदचं नाव घेतल्यावर नाय कशी म्हणंल? दुसऱ्या दिवशी मी चांगलं लुगडं नेसून ऑफिसात गेले. ललितासाठी चार अंडी घेतली.

ललितानं अंडी बाजूला ठेवली. चेहरा उतरलेला. "मावशी, तिसरा कागद आलाय. पण हरकतीचा आहे."

"कुणाची हरकत?"

"तुमच्या जावेची. काल स्वतः आल्या होत्या. लिहिलं मी, सांगितलं त्यांनी. मी म्हटलं त्यांना, आवाजाचा त्रास होईल, एवढंच लिहू या. तर म्हणाल्या, नाय बाय, मी सांगते तसंच लिही."

माझं डोकं भडकलं. अकरा वर्षांचं उट्टं काढायला हिला माझी नातवंडंच सापडली? "वाच," मी म्हटलं. "मोठ्यानं वाच. ऑफिसाला कळू दे ही काय चीज हाय ते."

ललितानं वाचलं. मला ते शब्दन्‌शब्द आठवतं.

"दोन घरांमधली भिंत वरून उघडी आहे. शुक्रवारी दुपारी जावेच्या घरात सईदची टेप लागते. मी भिंतीपाशी बसून ऐकते. इंजिन आलं तर त्याच्या आवाजात सईदचा आवाज मला ऐकू येणार नाही. मला ऐकायला दुसरं काही नाही. म्हणून माझी हरकत आहे."

खाली अंगठा.

ललिता म्हणाली, "मी समजावलं त्यांना, इंजिन काही सारखं चालू नसतं, लाईट गेली तरच लावतात. तर म्हणाल्या, भाताच्या गिरणीचं इंजिन मी बघते, एकदा लावलं की दिवसभर ढकढकतं, बंद कोण करतंय? त्यांनी दुसरं इंजिन पाहिलेलंच नाही हो. मावशी, तुम्ही बोला ना त्यांच्याशी. साहेब शनिवारी फाईल बघणार आहेत. हरकत राहिली तर परत अर्ज, परत सगळं. मे निघून जाईल."

मला दोन शिव्या हासडायच्या होत्या. मी अकरा वर्षं तिला जाळायला म्हणून टेप मोठी केली, आणि ती बाई भिंतीला कान लावून बसत होती. ललितानं पाणी दिलं, ते मी प्यायले आणि निघाले. एसटीत खिडकीपाशी बसून डोळे पुसत आले. कुणी ओळखीचं नव्हतं, बरं झालं.

शुक्रवार आला. नमाज झाली. मी टेप उचलली, वायर गुंडाळली, नवी कॅसेट आत होतीच. दोन दारांमधलं अंतर सात पावलं. ती सात पावलं चालायला मला किती वेळ लागला ते अल्लाला ठाऊक.

आसिया भिंतीपाशीच बसली होती. तिथं पाट टाकलेला, आणि भिंतीवर डोकं टेकून टेकून चुन्यावर तेलाचा डाग पडलेला. मला बघून ती उठली नाय. मी म्हटलं, "बटण कुठं हाय गो तुझ्याकडं? लाईटीचं?"

तिनं बोटानं दाखवलं. मी टेप लावली आणि खाली बसले. सईदचा आवाज आला, "अस्सलामु अलैकुम अम्मी." त्या घरात तो आवाज केवढा मोठा वाटला! आसियानं डोळे मिटले. तो पोरीच्या शाळेचं सांगू लागला, आणि आवाज एकदम जड झाला, घरंगळला आणि बंद पडला. वरचा पंखाही थांबला.

"गेली मेली!" मी म्हटलं. "आजच जायची होती हिला!"

मग आसिया बोलली. अकरा वर्षांनी. "राहू दे. मला येतं पुढचं. चार शुक्रवार ऐकलंय."

आणि ती सांगायला लागली. अगदी सईदसारखं. "पोरगी वर्गात दुसरी आली अम्मी. तिला सायकल घेतली. धाकटा विचारतो, दादीच्या कोंबड्या किती? तू दम्याची गोळी घेतेस ना? टाळाटाळ करू नको." मग म्हणाली, "हितं तो जरा खोकतो," आणि तशी खोकली. "परसातल्या फणसाला औंदा किती लागलेत? पोरांना फणस बघायचाय. मेमध्ये येतो. लाईटचं तेवढं बघ. बरं अम्मी, ठेवतो आता." एक शब्द चुकली नाय. मग थांबली.

"आणि मग खट् वाजतं," आसिया म्हणाली. "बटण. सगळ्याच कॅसेटींत ते हितंच वाजतं. मला वाटायचं, त्याच्यापुढं काय तरी असंल. नसंल बी. यापुढचं मला येत नाय."

लाईट नव्हती. टेप मुकी पडलेली. ते सांगायला माझ्या तोंडाशिवाय दुसरं काही नव्हतं.

"हाय पुढं," मी म्हटलं. "तो म्हणतो, छोटीअम्मीला माझा सलाम सांग."

ती माझ्याकडं बघत राहिली. "या कॅसेटीत?"

"सगळ्यांत. पहिल्या कॅसेटीपासून."

मला वाटलं, आता ही मला झिंज्या धरून बाहेर काढंल. काढलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "आसिया, हळदीच्या वेळी मी जे..." तिनं हात वर केला.

"ते राहू दे. उद्या पहिल्या गाडीनं महाडला जाऊ. साहेबानं फाईल उघडायच्या आधी अंगठा देते त्या पोरीकडं. पोरं येऊ देत." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "आता तू जा भाभी."

मी टेप तिथंच ठेवली आणि माझ्या घरी आले. पोरं येणार होती, महिनाभर राहणार होती, मला नाचायला हवं होतं. मी जाऊन भिंतीपाशी बसले. माझ्या बाजूनं त्या भिंतीला मी कधी टेकलेच नव्हते, चुना अगदी कोरा होता.

पलीकडून आसियाचा आवाज आला, हळू. "वालेकुम अस्सलाम, बाळा."

मग जरा थांबून परत. "वालेकुम अस्सलाम, बाळा."

मग परत. सलामाचं उत्तर देणं लागतं, राहून चालत नाय. वर्षानुवर्षं राहिलेली उत्तरं ती एकेक करून देत होती. एवढ्यात लाईट आली आणि माझा पंखा घरघरायला लागला. मी उठून तो बंद केला आणि पुन्हा भिंतीला कान लावून बसले.